पूरक जीवनसत्त्वे : गरज किती, बाजार किती



चांगल्या प्रकृतीसाठी जीवनसत्त्वांच्या गोळ्या घ्याव्यात काय, हा प्रश्न मला बहुधा आपल्या कार्यक्रमांत, जेवणाच्या पंगतीतच विचारला जातो. विचारणाऱ्याच्या ताटात डाळ, भाकरी, पालेभाजी, मासळी असते. अशा निरोगी प्रौढ माणसास दुकानातील रंगीत बाटलीची गरज बहुतांशी नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु या ‘बहुतांशी’ शब्दाबाहेर जी माणसे उरतात, त्यांत आपल्यापैकी पुष्कळजण आहेत. आजचे माझे बोलणे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

१९२८ साली ल्युसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईस आल्या. गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणी जडणाऱ्या घातक पंडुरोगाचे कारण त्या शोधीत होत्या. यीस्टच्या अर्कापासून केलेले स्वस्त मार्माइट दिले असता या स्त्रियांचे रक्त सुधारते, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक अॅसिड, हे पुढे उलगडले. योगायोग असा, की त्याच १९२८ च्या जुलै महिन्यात मुंबई विधिमंडळात बाबासाहेब प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलत होते. विल्सबाईंच्या संशोधनाशी त्याचा संबंध नव्हता. पण दोघांच्याही दृष्टीसमोर कष्टकरी गर्भवती स्त्रीच होती.

या कथेचा पुढचा भाग आपल्या लीड्समध्ये घडला. येथील विद्यापीठात बालरोगाचे प्राध्यापक असलेले रिचर्ड स्मिथेल्स यांनी १९८० साली दाखवून दिले, की ज्या मातांना आधी मेंदूचे वा पाठीच्या कण्याचे जन्मजात व्यंग असलेले मूल झाले होते, त्यांनी गर्भधारणेपूर्वीपासून जीवनसत्त्वे घेतल्यास पुन्हा तसे मूल होण्याचे प्रमाण पुष्कळ घटते. कोणास गोळी द्यावी आणि कोणास नाही, हे त्या पाहणीत यदृच्छेने ठरविलेले नव्हते. म्हणून शंका उरल्या. १९९१ साली मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या मोठ्या चाचणीने त्या मिटविल्या. फॉलिक अॅसिडमुळे व्यंगाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी कमी झाली.

गर्भाची मज्जानलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. तोवर दिवस राहिल्याचे कित्येकींना ठाऊकही नसते. म्हणून रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मूल हवे असे ठरेल तेव्हापासून सुरू करून गरोदरपणाच्या बाराव्या आठवड्यापर्यंत घ्यावयाची. मधुमेही स्त्रीस ५ मिलिग्रॅमची मात्रा लागते. ती डॉक्टरांनीच लिहून द्यावी लागते. पिठात फॉलिक अॅसिड मिसळण्याचा नियम येथे २०२४ साली झाला आणि गिरण्यांना डिसेंबर २०२६ पर्यंतची मुदत मिळाली. मात्र कोंड्यासकट दळलेले पूर्ण गव्हाचे पीठ त्यातून वगळले आहे. आपली पोळी पुष्कळ घरांत त्याच पिठाची होते! तेव्हा पीठ सुधारले म्हणून सुनेची गोळी बंद करू नये.

आता ड जीवनसत्त्वाकडे येतो. लीड्स सुमारे ५४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. ऑक्टोबरपासून मार्चअखेरपर्यंत येथील उन्हात त्वचेला ड जीवनसत्त्व तयार करण्याइतके बळ नसते. सावळ्या त्वचेला तर उन्हाळ्यातही अधिक ऊन लागते. १९६० नंतरच्या दशकांत ब्रिटनमधील आशियाई मुलांत मुडदूस पुन्हा दिसू लागला, तेव्हा १९८१ साली ‘स्टॉप रिकेट्स’ ही मोहीम निघाली. महायुद्धकाळात मार्गारीनमध्ये ड जीवनसत्त्व घालणे सरकारने सक्तीचे केले होते. चपातीच्या पिठाची तशीच मागणी मात्र मान्य झाली नाही. मार्गारीन खाणाऱ्यांस ते आपोआप मिळावे आणि पोळी खाणाऱ्यांस उपदेश मिळावा, हा न्याय मला कधीच पटला नाही. असो. २०१६ पासूनची शिफारस रोज १० मायक्रोग्रॅमची, म्हणजे ४०० युनिटांची आहे. सावळ्या त्वचेच्या लोकांनी ती मात्रा बारा महिने घेण्याचा विचार करावा, असा येथील आरोग्य खात्याचा सल्ला आहे. ही गोळी स्वस्त आहे. महागडी बाटली नको.

भारतातून येताना ६०,००० युनिटांच्या पुड्या आणण्याची पद्धत पडली आहे. एका पुडीत अशा १५० दिवसांचा साठा असतो. तपासणीत कमतरता आढळली तर डॉक्टर मोठी मात्रा देतात. परंतु मनानेच महिनोन् महिने घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडतात.

बी-१२ वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. मांस, मासळी, अंडी, दूध सोडलेल्यांनी, तसेच मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्या मधुमेहींनी, पायांना मुंग्या येऊ लागल्यास रक्त तपासून घ्यावे. येथे नुसते फॉलिक अॅसिड घेणे धोक्याचे असते. रक्त सुधारलेले दिसते आणि मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

‘जीवनसत्त्वच ते, अपाय काय होणार?’ असे म्हणणाऱ्यांसाठी एकच दाखला देतो. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन दिले, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढल्याचे १९९४ साली दिसून आले. गर्भवतींनीही अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या व काळीज वर्ज्य करावे, कारण अधिक मात्रेने गर्भास इजा पोहोचते.

आपण काय घेत आहात, हे डॉक्टरांना सांगताना नाव आठवत नसेल तर गावाहून आलेली पाकिटेच पिशवीत घालून न्यावीत. आता आपले प्रश्न घेतो.