पट्टी दाखवा, डोळ्यांतले पाणी नको
(कर्जत येथील जिल्हा मेळाव्यातील भाषण)



भावाचा ठराव झाला, विजेचा झाला. आता विषय व्हिडिओचा. काहींना वाटेल, हे पोरासोरांचे काम, मेळाव्यात कशाला? पण हा विषय आपली गोष्ट कोण सांगतो, याचा आहे. सत्यशोधकांनी तमाशाच्या बाजात जलसे काढून शेतकऱ्याची लूट गावोगाव मांडली. कर्ज काढून सण करू नका, हे गाडगेबाबांनी कीर्तनातून लोकांच्या गळी उतरवले. आज जलशाची जागा खिशातल्या मोबाइलने घेतली आहे.

आपली गोष्ट आपण सांगितली नाही तर काय होते? १ जून २०१७ ला आपल्याच जिल्ह्यातल्या पुणतांब्याहून शेतकरी संप सुरू झाला. घराघरांत टीव्हीवर काय दिसले? रस्त्यावर ओतलेले दूध. एक लिटर दूध काढायला पेंड किती, चारा किती, हातात किती, हे कोणी दाखवले नाही. शहरातला माणूस म्हणाला, हे लोक दूध नासतात. त्याच महिन्यात सरकारला ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर करावी लागली. पण दुधाचे ते चित्र अजून आपल्या अंगाला चिकटलेले आहे.

आता दुसरे चित्र बघा. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून मुंबईला पायी गेला. दहावीच्या पोरांची परीक्षा चुकू नये म्हणून माणसे रात्रीच चालून आझाद मैदानावर पोचली. फोड आलेल्या पायांची चित्रे मुंबईने पाहिली आणि तीच मुंबई पाणी आणि चपला घेऊन रस्त्यावर आली. दोन्ही वेळा शेतकरी तोच होता. लोकांना काय दिसले, एवढाच फरक.

गुजरातच्या दूध उत्पादकांनी हे पन्नास वर्षांपूर्वी ओळखले. पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि १९७६ मध्ये श्याम बेनेगलांचा 'मंथन' झाला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, नायिका आपली स्मिता पाटील. गोष्ट साधी. गावातला खाजगी डेअरीवाला भाव पाडून दूध घेतो. शहरातून आलेला डॉक्टर दूध तपासतो आणि त्याची खरी किंमत देतो. वर्गीस कुरियन यांनी तो सिनेमा गावोगाव नेला, आणि नुसता नेला नाही, बरोबर जनावरांचा डॉक्टर आणि दुधातली जाणती माणसे पाठवली. सिनेमा संपला की सोसायटी कशी काढायची, याची बोलणी सुरू. हे ध्यानात ठेवा. चित्र बघून माणूस हलतो, पण पुढचे पाऊल टाकायला शेजारी कोणीतरी उभे लागते.

आपल्या महाराष्ट्रात पाणी फाउंडेशनने तेच केले. २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत वॉटर कप सुरू झाला, २०१८ ला तो ७५ तालुक्यांत गेला. समतल चर कसा काढायचा हे फिल्ममधून शिकवले आणि घाम गाळणारी गावे टीव्हीवर आणली. एका गावाने दुसऱ्याला पाहिले आणि कुदळ उचलली. हे काम मोठे आहे, ते आम्ही मोकळ्या मनाने सांगतो. पण आपला सवाल त्याच्या पुढचा आहे. पाणी अडले, पीक वाढले, मग भाव पडला तर? त्या पडलेल्या भावाची फिल्म कोण काढणार?

ती आपणच काढायची. आपल्या तालुक्यात दक्षिणेला भीमा, काही गावांना कुकडीचे पाणी. बाकीच्यांची शाळू परतीच्या पावसावर. दुष्काळ पडला की कॅमेरे येतात. भेगाळलेली जमीन, रिकामा हंडा, रडणारी म्हातारी घेऊन जातात. त्यातून दया मिळते, देणगी मिळते. भाव मिळत नाही. आपण भीक मागायला निघालेलो नाही, घामाचे दाम मागतो आहोत. म्हणून डोळ्यांतले पाणी दाखवू नका, पट्टी दाखवा.

कापसाचेच घ्या. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. सीसीआयच्या केंद्रावर ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे कपात, १२ टक्क्यांच्या वर खरेदीच नाही. मग यंत्राचा आकडा दाखवा. काटा दाखवा. पट्टी दाखवा. त्याच कापसाला गावखरेदीत काय भाव मिळाला तोही दाखवा. पुढे बियाणे, खत, फवारणी, किलोवर दिलेली वेचणी, सगळा खर्च त्या शेतकऱ्याच्या तोंडून मोजून घ्या. ज्वारीचेही तसेच. मालदांडीचा त्याच हंगामाचा हमीभाव ३,७४९ रुपये. काढणीची मजुरी त्यापुढे मांडा. हमीभाव ठरवताना सरकार स्वतःच्या जमिनीचा खंड आणि आपल्या भांडवलावरचे व्याज धरत नाही, हे शेवटी सांगा. तीन मिनिटांत हे सारे बसते.

चार पथ्ये मात्र पाळायची. ज्याची गोष्ट त्याची परवानगी आधी, आणि तयार झालेली फिल्म आधी त्याला दाखवायची. तो नको म्हणाला तर ती पुसायची. ज्या घरात आत्महत्या झाली तिथे मोबाइल खिशात ठेवायचा. आकडा एकही फुगवायचा नाही. एक खोटा आकडा शंभर खऱ्या पट्ट्या मातीत घालतो. आणि मायबहिणींना बोलते करायचे. वेचणी, खुरपणी, काढणी त्यांच्या हातची, हिशेबही त्यांच्याच तोंडी.

फिल्म झाली की ती पहिल्यांदा मुंबईला पाठवायची नाही. देवळाच्या भिंतीवर पांढरा कपडा लावायचा आणि गावाला दाखवायची. जो म्हणेल, माझीही कपात अशीच झाली, त्याची पट्टी तिथेच गोळा करायची. अशा पट्ट्यांचा गठ्ठा झाला, की तहसीलदारासमोर फिल्म आणि कागद दोन्ही ठेवायचे. चित्राला कागदाचा आधार असला, की ते नाकारणे साहेबालाही जड जाते.

पुढच्या मेळाव्याला प्रत्येक गावाने एक फिल्म आणि तिच्यामागच्या पट्ट्या आणाव्यात, एवढीच आमची मागणी. वेचणी सुरू होण्याआधी गावात बसा आणि हे काम कोणाचे ते ठरवून टाका.