आधी गाडी की आधी बचत? फोर्डच्या गाडीची गोष्ट

बचत गटांच्या या कार्यक्रमात आज आम्ही एका गाडीची गोष्ट सांगणार आहोत. गाडी परदेशी आहे, शंभर वर्षांपूर्वीची आहे आणि तुमच्या-आमच्यापैकी कुणी तिच्यात बसलेलं नाही. तरी ऐका. हातातलं काम सोडायची गरज नाही, भाजी निवडत ऐकलंत तरी चालेल.

ही गोष्ट सुरू होते तीच एका स्वयंपाकघरात.

साल १८९३, अमेरिकेतलं डेट्रॉइट शहर, २४ डिसेंबरची रात्र. दुसऱ्या दिवशी नाताळ, त्यामुळे क्लारा फोर्ड सणाच्या स्वयंपाकाच्या तयारीत होती. सात आठवड्यांचं बाळ झोपलेलं. नवरा हेन्री वीज कंपनीत नोकरीला. तो हातात एक छोटं इंजिन घेऊन आला, स्वतः जोडजाड करून बनवलेलं. ते त्यानं सरळ भांडी घासायच्या सिंकला आवळून बसवलं आणि बायकोला म्हणाला, तू पेट्रोल सोड. क्लारानं थेंब थेंब पेट्रोल सोडलं, त्यानं चाक फिरवलं, घरातला दिवा लुकलुकला, इंजिनातून जाळ निघाला आणि थोडा वेळ का होईना, ते चाललं. उद्या पाहुणे येणार, घरात पेट्रोलचा वास, आणि ही बाई उभी राहून नवऱ्याला मदत करते आहे. आम्ही हे गटात सांगितलं तेव्हा एक काकू म्हणाल्या, "माझ्या सिंकला हात लावला असता तर दाखवलं असतं!" पण हेन्री फोर्ड पुढे आयुष्यभर क्लाराला 'विश्वास ठेवणारी' असंच म्हणत राहिला.

अडीच वर्षांनी, जून १८९६ मध्ये, त्याची पहिली गाडी तयार झाली. सायकलची चार चाकं लावलेली. ती घरामागच्या कोठीत बनवली होती आणि बाहेर काढायच्या वेळी कळलं की दार अरुंद आहे. मग कुऱ्हाड घेऊन भिंतीच्या विटा फोडल्या. आधी माप घ्यायचं राहिलं, इतका मोठा कारागीर असून! त्यानंतर दोन कंपन्यांत त्याचं जमलं नाही. तिसरी, फोर्ड मोटर कंपनी, १६ जून १९०३ ला निघाली. रोख भांडवल होतं २८ हजार डॉलर.

आता इथे एक नाव लक्षात ठेवा, रोझेटा कझन्स. कंपनीचा हिशेब बघणाऱ्या जेम्स कझन्सची बहीण, शाळेत शिकवणारी. तिनं आपल्या जवळचे १०० डॉलर या कंपनीत घातले. शंभरच. १९१९ मध्ये फोर्डनं सगळ्या भागीदारांचे हिस्से विकत घेतले, तेव्हा त्या शंभराचे तिला सुमारे २ लाख ६० हजार डॉलर मिळाले. मधल्या वर्षांतला नफ्याचा वाटा वेगळाच. आम्ही हे सांगतो ते कुणी उठून शेअरबाजारात पैसे घालावेत म्हणून मुळीच नाही. त्याच काळात मोटारी बनवणाऱ्या कितीतरी कंपन्या बुडाल्या, त्यांत पैसे घातलेल्या बहिणींची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

मग १ ऑक्टोबर १९०८ ला आली ती 'मॉडेल टी'. किंमत ८५० डॉलर. फोर्ड स्वतः शेतकऱ्याचा मुलगा होता. शेतातल्या कष्टाचा त्याला कंटाळा होता, पण शेतकऱ्याला काय लागतं हे त्याला ठाऊक होतं. म्हणून गाडी उंच, चिखलातून जाईल अशी. पत्रा-लोखंड हलकं पण मजबूत. इंजिन साधं, घरच्या घरी उघडता येईल असं. १९१३ मध्ये त्यानं कारखान्यात सरकता पट्टा आणला. माणसं जागेवर उभी आणि गाडीचा सांगाडा त्यांच्यासमोरून पुढे सरकतोय. आधी एक सांगाडा जोडायला साडेबारा तास लागायचे, ते पुढच्या वर्षी ९३ मिनिटांवर आलं. किंमत उतरत गेली आणि १९२५ च्या सुमारास सगळ्यांत साधी मॉडेल टी २६० डॉलरला मिळू लागली.

कामगारांचं काय झालं? एकच बोल्ट दिवसभर आवळून माणसं वैतागली आणि काम सोडून जाऊ लागली. तेव्हा जानेवारी १९१४ मध्ये फोर्डनं आठ तासांना ५ डॉलर रोज जाहीर केला, जवळजवळ दुप्पट. गाडीची किंमत तेव्हा ५०० डॉलरच्या आसपास होती, म्हणजे गाडी बनवणाऱ्याला शंभरेक दिवसांच्या मजुरीत ती गाडी घेता येईल असा हिशेब बसला. जगभर वाहवा झाली. पण सुरुवातीला हा रोज बायकांना लागू नव्हता, दोनेक वर्षांनी झाला. आणि कंपनीची माणसं कामगारांच्या घरी जाऊन बघायची, घर स्वच्छ आहे का, नवरा दारू पितो का, बचत करतो का. ते ठीक दिसलं तरच पूर्ण पगार. ऐकून काहीजणींना ओळखीचं वाटलं असेल.

फोर्डला देव मानायचं कारण नाही, हेही सांगून टाकतो. १९२० च्या दशकात त्यानं आपल्या वर्तमानपत्रातून ज्यू समाजाविरुद्ध पुष्कळ विष पसरवलं.

बरं, गाडी घरी आल्यावर काय व्हायचं? आम्हाला यातच जास्त रस, कारण जाहिरात दुकानात संपते आणि गाडी घरी आल्यावर सुरू होते.

तर मॉडेल टी चालू करायला पुढे एक लोखंडी दांडा होता, तो हातानं फिरवायचा. इंजिन मध्येच उलटं फिरलं तर दांडा झटका द्यायचा, मनगटं मोडायची. म्हणून अंगठा दांड्याभोवती गुंडाळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे घराघरांत शिकवलं जायचं. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली. पेट्रोल भरायचं तर पुढे बसलेल्यांनी उतरायचं, गादी उचलायची. किती उरलंय ते बघायला काटा नाही, काठी घालून बघायचं, विहिरीचं पाणी बघतो तसं. पेट्रोल टाकीतून आपल्या वजनानंच खाली वाहत इंजिनात जायचं. त्यामुळे टाकीत थोडं उरलं असताना मोठा चढ आला तर इंजिन टाकीपेक्षा वर जायचं आणि गाडी बंद पडायची. मग काय करायचं? गाडी वळवायची आणि चढ उलटा चढायचा! पायाशी तीन पेडल, पण आजच्या गाडीसारखी नाहीत. मधलं पेडल मागे जायचं. आजचा ड्रायव्हर त्यात बसला तर पहिल्यांदा गोठ्यातच शिरेल.

थंडीत तर आणखी तऱ्हा. रात्री रेडिएटरमधलं पाणी काढून ठेवायचं, नाहीतर गोठून फुटायचं. सकाळी चुलीवर किटली ठेवून गरम पाणी ओतायचं. ते पाणी तापवायचं काम कुणाकडे असेल हे सांगायला नको.

तरीही शेतावरच्या बायकांना ती गाडी हवी होती. मैलोन् मैल शेजार नाही, दुकान नाही, डॉक्टर नाही अशा घरांत त्या राहत. तिथली एक गोष्ट नेहमी सांगतात. सरकारी पाहणीला आलेल्यानं एका शेतकरीण बाईला विचारलं, घरात न्हाणीचा टब नाही आणि गाडी कशी घेतली? ती म्हणाली, टबात बसून गावाला जाता येत नाही. गाडीचं मागचं चाक जॅकवर उचलून त्याला पट्टा लावला की त्यावर लाकूड कापायची करवत चालायची, पाण्याचा पंप चालायचा, कपडे धुवायचं यंत्रसुद्धा चालायचं. म्हणजे गाडी उभी असतानाही कमावत होती. सुटे भाग टपालानं माल पाठवणाऱ्या कंपन्यांच्या कॅटलॉगात मिळायचे आणि दुरुस्ती गावचा लोहारही करायचा.

आणि क्लारा? ज्या बाईनं सिंकवर पेट्रोलचे थेंब सोडले, ती स्वतः १९१४ सालची विजेवर चालणारी गाडी वापरत होती, तीही दुसऱ्या कंपनीची. दांडा मारायला नको, धूर नाही, आवाज नाही. नवरा मॉडेल टी लाखांनी विकतोय आणि बायको शेजारच्या कंपनीची विजेची गाडी चालवतेय. आम्हाला हे फार आवडलं.

आता येतो हप्त्यांवर. गेले दोन महिने आमच्या तीन गटांत एकच चर्चा आहे, माल वाहायला जुना टेम्पो घ्यायचा का. भाजी, पापड, कुरडया बाजाराला न्यायला दर खेपेचं भाडं द्यावं लागतं आणि गाडीवाला ऐन वेळी येत नाही. हप्त्यावर गाडी देणारे तर दारात येऊन बसलेत.

मोटारीचा हा हप्ता मोठ्या प्रमाणावर सुरू झाला तो त्याच अमेरिकेत. जनरल मोटर्स ही फोर्डची स्पर्धक कंपनी. तिनं १९१९ मध्ये कर्ज देणारी स्वतःची शाखाच काढली. साधारण तिसरा हिस्सा रोख द्या, बाकी वर्षभरात फेडा. फोर्डला कर्जाचा तिटकारा. त्यानं १९२३ मध्ये वेगळी योजना आणली. ५ डॉलर भरून नाव घाला, दर आठवड्याला थोडे थोडे पैसे जमा करा, ते बँकेत राहतील, त्यावर व्याज तुम्हाला मिळेल, पूर्ण किंमत जमली की गाडी न्या. थेट आपली भिशीच म्हणा ना! लाखो लोकांनी नावं घातली. पण त्यातल्या पुष्कळांनी गाडी नेलीच नाही. शेजारी थोडे पैसे देऊन आज गाडी आणतो, आपण वर्षभर पासबुक बघत बसायचं, हे माणसाला जड जातं. शिवाय जनरल मोटर्सकडे रंगीबेरंगी गाड्या, आणि फोर्डकडे कितीतरी वर्षं फक्त काळी. १९२५ च्या सुमारास अमेरिकेत चारांतल्या तीन गाड्या हप्त्यावर जात होत्या. दीड कोटी गाड्या बनवून मे १९२७ मध्ये मॉडेल टी बंद झाली आणि १९२८ मध्ये फोर्डनंही कर्ज देणारी कंपनी काढली.

मग फोर्ड चुकला का? आम्हाला वाटतं, निम्मा. गाडी रोज कमावणार असेल तर वर्षभर थांबण्यात नुकसानच आहे. पण सहा महिने आधी हप्त्याएवढी रक्कम बाजूला काढून बघणं, हे त्याच्या योजनेतून घेण्यासारखं आहे. टेम्पो आला असं समजायचं आणि ठरलेला हप्ता दर महिन्याला गटाच्या खात्यात भरायचा. त्यात एक पेरणीचा आणि एक शाळेच्या खर्चाचा महिना यायला हवा. जमलं तर ती रक्कम पहिल्या भरण्याला होईल. नाही जमलं तर पैसे आपलेच आहेत, कुणी दारातून गाडी ओढून नेणार नाही.

आणि व्याज विचारताना एक शब्द जरूर विचारा. व्याज सरसकट आहे की उरलेल्या रकमेवर? समजा १ लाख रुपये, १२ टक्के, ३ वर्षं. सरसकट असेल तर व्याज ३६ हजार, हप्ता सुमारे ३ हजार ७८० रुपये. उरलेल्या रकमेवर असेल तर व्याज साडेएकोणीस हजारांच्या आसपास आणि हप्ता सुमारे ३ हजार ३२० रुपये. टक्का तोच, फरक साडेसोळा हजारांचा. त्यात विमा, पासिंग आणि टायर मिळवा. टायर तर सगळ्या विसरतात.

दुरुस्तीचंही विचारा. हीच फोर्ड कंपनी १९९५ मध्ये महिंद्राबरोबर पुन्हा भारतात आली, त्यांची पहिली गाडी आपल्या नाशिकला बनली. सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनीनं भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. सुटे भाग आणि सेवा देत राहू असं तिनं सांगितलं, तरी ज्यांच्या दारात गाडी होती त्यांना विकताना काय भाव येईल याची काळजी लागलीच. म्हणून नाव मोठं आहे की लहान यापेक्षा, आपल्या तालुक्याचा मिस्त्री ती गाडी उघडतो का आणि तिचे भाग किती दिवसांत मिळतात, हे आधी त्यालाच जाऊन विचारा.

तीनही गटांची एकत्र बैठक येत्या शनिवारी दुपारी ३ वाजता समाजमंदिरात आहे. येताना गेल्या सहा महिन्यांत गाडीभाड्याला किती गेले ते वहीतून काढून आणा, चिठ्ठ्या असतील तर त्याही. आरसी बुकावर नाव कुणाचं घालायचं आणि गाडी कोण चालवणार, हे दोन्ही प्रश्न त्याच दिवशी घेऊ. गाडी शिकायची इच्छा असलेल्या बायकांनी आपलं नाव सचिव ताईंकडे आधीच द्यावं. आतापर्यंत चौघींची आली आहेत.