पेणची गाडी आणि रोह्याची गाडी



या व्यासपीठावर वेदान्तापासून अवकाशयानापर्यंतचे विषय होत आले आहेत. आम्ही आज आपणांस वडापावच्या गाडीपाशी नेणार आहोत. आमची शाळा लवकर सुटली. कायदा आम्ही कारखान्याच्या फाटकाबाहेर, पाळी सुटण्याची वाट पाहत वाचावयास शिकलो. तेव्हा बोलणे खडबडीत वाटले तर सांभाळून घ्यावे.

आम्हांला नेहमी विचारतात, खाण्याची गाडी लावावयास पेण सोपे की रोहे? पुस्तकात पाहाल तर ही दोन्ही गावे जुळी भावंडे. पेण आणि रोहा अष्टमी या दोन्ही नगरपरिषदा १९६५ च्या एकाच अधिनियमाखाली चालतात. रस्त्यावर धंदा करणे हा नागरिकाचा हक्क आहे, मात्र अमुकच जागा मिळण्याचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदान सिंग खटल्यात सांगितले. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २०१४ साली, पथविक्रेत्यांचा कायदा झाला. तो दोन्ही गावांना सारखाच लागू आहे. नगर पथविक्रेता समितीचा अध्यक्ष मुख्याधिकारी, सभासदांत निदान चाळीस टक्के विक्रेत्यांनी निवडून दिलेले, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. दर पाच वर्षांनी एकदा तरी विक्रेत्यांची मोजणी. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावयाचे. २०११ च्या जनगणनेत पेणची वस्ती सुमारे अडतीस हजार होती, रोहा अष्टमीची सुमारे एकवीस हजार. म्हणजे त्या हिशेबाने पेणला साडेनऊशे, रोह्याला सव्वापाचशे. हा आकडा फार थोड्या गाडीवाल्यांना ठाऊक असतो.

मग फरक कोठे पडतो? चाकाखालच्या जमिनीत!

पेणला गिऱ्हाईक मुंबई–गोवा महामार्गाने येते. गणपतीच्या आधी मूर्ती न्यावयास येणाऱ्यांची रीघ लागते, आणि ज्याला चार पैसे मिळवावयाचे असतात तो गाडी महामार्गाकडे ढकलतो. पण त्या जमिनीला २००२ चा वेगळा कायदा आहे. महामार्ग प्रशासनाच्या परवानगीवाचून तेथे ठाण मांडता येत नाही आणि नगरपरिषदेचे प्रमाणपत्र दाखवून उपयोग होत नाही. रोह्याला स्टेशन आहे, मध्य रेल्वे संपून कोकण रेल्वे सुरू होते ते. रेल्वेची जमीन २०१४ च्या कायद्यातून मुळातच वगळलेली. विक्रेता तोच, फळी तीच. चार पावले पुढे गेला की गुन्हेगार.

परंतु रोह्याची खरी गोष्ट स्टेशनाची नव्हे, धाटावची आहे. कोलाडच्या वाटेवरचे हे औद्योगिक क्षेत्र. तेथे रात्रपाळीला गरम चहा आणि भुर्जीपाव लागतो. कारखान्यातील उपाहारगृहाबद्दल आम्ही अनेक मागण्या केल्या आहेत. पण ठेकेदाराच्या कामगाराचे पोट पुष्कळदा फाटकाबाहेरच्या गाडीवरच भरते, हे कबूल केले पाहिजे. आता पाहा, २०१४ चा कायदा केला तो नगरांतील विक्रेत्यांसाठी. धाटाव नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर. क्षेत्रातील रस्ते महामंडळाचे, लगतचे गाव १९५८ च्या कायद्याखालच्या ग्रामपंचायतीचे. रोह्याच्या समितीचा हात तेथे पोचत नाही. गावात प्रमाणपत्रधारकास जागेवरून हलविण्यापूर्वी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते; धाटावच्या फाटकावर त्याच बाईला रोह्याचे प्रमाणपत्र ढाल म्हणून पुढे करता येत नाही. ज्या कामगारांच्या भुकेवर तिचा धंदा चालतो, त्यांची संघटना आहे. तिची नाही. हे आम्हांस बोचते.

टेम्पोत चूल बसवून फूड ट्रक करू म्हणणारे तरुण हल्ली भेटतात. हौस चांगली आहे. पण गाडीच्या मूळ रचनेत बदल करावयाचा तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे आधी नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि जिल्ह्याचे ते कार्यालय पेणला. म्हणजे रोह्याच्या टेम्पोलाही पेणची पायरी चढावी लागते. अन्नाची नोंदणी २००६ च्या कायद्याखाली निराळी. ती आणि वाहनाचे कागद जवळ असले तरी उभे राहावयास वीतभर जागा मिळत नाही. एक तरुण तीन कागद घेऊन आमच्याकडे आला, म्हणाला, सगळे झाले. आम्ही विचारले, चाक कुठे टेकवणार? तो गप्प झाला.

जप्तीबद्दल एक गोष्ट सांगतो. गावाचे नाव घेत नाही. एका बाईंची गाडी सकाळी उचलली. पिठाचे पातेले, बटाट्याची भाजी, सगळे गाडीतच. आम्ही कायद्याची प्रत घेऊन गेलो. जप्त मालाची यादी द्यावी लागते. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत द्यावयाचा आणि न नासणारा दोन कामकाजाच्या दिवसांत. कलम एकोणीस. साहेबांनी कलम वाचले, पुन्हा वाचले, आणि संध्याकाळी गाडी सोडली. भाजी तोवर आंबली होती.

त्या दिवशी बाईंजवळ बाजारफीची एकही पावती नव्हती. रोज पैसे देत होत्या, पावती चुलीत जात होती. पेणच्या असोत की रोह्याच्या, मोजणीच्या वेळी आपण येथे किती वर्षे उभे आहोत हे दाखवावयास तोच कागद कामी येतो. आमच्या कचेरीत पुठ्ठ्याचे खोके ठेवले आहे. ज्यांना घरी जागा नाही त्यांनी पावत्या त्यात आणून टाकाव्यात, मागे नाव लिहून.