भाजीचा वाफा आणि पंचायतीचा ठराव



अध्यक्षाने जेवणाच्या तोंडावर बोलू नये असा नियम आपल्या परिषदांना कोणीतरी घालून द्यायला हवा होता. तो नाही, त्यामुळे तुमच्या आणि ताटाच्या मध्ये आता मी उभा आहे. विषय ताटाचाच आहे, एवढ्यावर सांभाळून घ्या.

2013च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्याचा हक्क दिला. हे काम लहान नाही. 1972चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, मिलोची लाल ज्वारी ज्यांनी खाल्ली, त्यांना त्याचे मोल सांगावे लागत नाही. पण रेशनच्या पिशवीत भाजीचे एक पान नसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली आहाराची जी सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत मोठ्या माणसाला दिवसाला 400 ग्रॅम भाज्या धरल्या आहेत आणि त्यांतल्या 100 ग्रॅम पालेभाज्या. म्हणजे पाच माणसांच्या घराला रोज दोन किलो. शेतमजुराच्या घरात आठवडी बाजारातून एवढी भाजी आठवड्याला आली तरी खूप झाले. त्याचा परिणाम 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसतो: महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी 35 वयाच्या मानाने खुजी, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या शंभरातली जवळजवळ 69 रक्त कमी असलेली, आणि 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायका पंडुरोगी. पोट भरते आहे. रक्त वाढत नाही.

यात एक गोष्ट मला फार लागते. भाजी पिकवायची जागा खेडे, आणि आज खेड्यातच भाजी टेम्पोने येते. पूर्वी ज्वारीच्या रानात चार ओळी मधे चवळीच्या, अंबाडीच्या पडायच्या. बांधावर वाल चढायचा. कपाशीत भेंडी आणि वाळूक असायचे. खुरपायला गेलेली बाई संध्याकाळी ओट्यात तांदुळजा, घोळ, पाथरी घेऊन यायची. तिला त्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नव्हते, मालकाची परवानगीही लागत नव्हती, कारण मालकाच्या लेखी ते तण होते. आता सलग सोयाबीन, सलग बीटी कपाशी, आणि वर तणनाशकाचा पंप. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. खुरपणीची मजुरी त्याला परवडत नाही. पण त्या एका फवाऱ्याने भूमिहीन घराची फुकटची भाजी गेली. त्या घराची पंचायतीकडे काही मागणी असेल तर ती ही आहे. त्याने ती अर्जात लिहिलेली नाही, एवढेच.

आता भाजीचे काम पंचायतीने का करावे, असे कोणी विचारेल. 73व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत. पहिलाच विषय शेती आणि कृषिविस्तार. पुढे महिला व बालविकास आहे, सार्वजनिक वितरण व्यवस्था आहे, आणि अगदी शेवटचा, 29वा विषय आहे सामुदायिक मालमत्तेची देखभाल. पोषणाची पातळी उंचावणे हे राज्याचे कर्तव्य आहे असे घटनेचे 47वे कलम सांगते. तेव्हा अधिकाराचा प्रश्न मिटला आहे. त्यावर आणखी चर्चासत्रे नकोत.

कार्यक्रमही भरपूर झाले. उमेद अभियानाने बचतगटांमार्फत पोषण परसबागा गावोगाव नेल्या. शाळांमध्ये परसबागेच्या स्पर्धा होतात. सप्टेंबरात पोषण माह येतो. त्या गोल परसबागेची रचना तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल: मधे खड्डा, त्यात ओला-सुका कचरा, कडेला केळ आणि पपई, आणि भोवती सात वाफे, वारागणिक एक. सोमवारी मेथीचा, मंगळवारी माठाचा, असा हात फिरत राहतो. ज्याने कोणी ही आखणी बसवली त्याला स्वयंपाकघर कळत होते. रोज काय करायचे हा बाईचा प्रश्न वाफ्यानेच सोडवलेला आहे.

मग या बागा मरतात कुठे? उत्तर एका महिन्याचे नाव आहे: मे. शाळेला सुट्टी, गुरुजी गावी, मुले मामाकडे, अंगणवाडीच्या ताई सर्वेक्षणात, आणि विहिरीने तळ गाठलेला. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा कुंपणाचे बांबू जळणात गेलेले असतात आणि फलक मात्र शाबूत असतो. पुढच्या सप्टेंबरात त्याच जागी पुन्हा उद्घाटन. मी ज्या बागा तगलेल्या पाहिल्या त्या चांगल्या बियाण्यामुळे किंवा मोठ्या अनुदानामुळे तगल्या नाहीत. मे महिन्यात पाणी कोणी घालायचे हे तिथे ठरलेले होते, आणि ज्याने घालायचे त्याला त्याचे पैसे मिळत होते.

म्हणून माझे म्हणणे असे की, भाजीची बाग हा उपक्रम राहू नये. ती दिवाबत्तीसारखी पंचायतीची कायमची सेवा व्हावी. आपल्याकडे रस्त्यांची नोंदवही असते, झाडांची असते, घरांची नमुना 8 मध्ये असते. भाजीच्या वाफ्याची नोंद कुठेच नसते. ज्याची नोंद नाही त्याची दुरुस्ती नाही, आणि ते नाहीसे झाले तर लेखापरीक्षणात आक्षेपही नाही.

थोडा हिशेब मांडतो, कारण बागेच्या नावाखाली भलत्या आशा लावल्या जातात. शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला दिवसाला 50 ग्रॅम भाजी धरली आहे. शंभर मुलांची शाळा असेल तर रोज 5 किलो, आणि दोनशे दिवसांचे एक टन. देशात भाजीपाल्याचे उत्पादन सरासरी हेक्टरी 18 टनांच्या आसपास आहे, म्हणजे गुंठ्याला एका पिकाचे साधारण 180 किलो. वर्षात दोन पिके निघाली तर त्या शाळेला तीन गुंठे लागतील. शाळेच्या भिंतीलगत चार बाय दहाचा पट्टा खणून गावाचे कुपोषण हटत नाही. त्यातून कोथिंबीर निघते, फोटो निघतो. पण तीन गुंठे ही काही अशक्य जमीनही नाही. गायरानाकडे मात्र बघू नका. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींबद्दल दिलेला निकाल आणि त्यानंतर जुलैमध्ये निघालेला आपल्या शासनाचा निर्णय यांमुळे तिथे हात घालणे म्हणजे फाईल पाच वर्षे फिरत ठेवणे. पाण्याच्या टाकीखालची जागा, आरोग्य उपकेंद्राचे आवार, शाळेच्या मागची बाजू, समाजमंदिरालगतचा पडीक तुकडा, अशा जागा धुंडाळा. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवारातून दहा गुंठ्यांवर एका कुटुंबाचा निर्वाह कसा होईल याचे गणित आयुष्यभर मांडले. आपण तीन गुंठ्यांना घाबरायचे कारण नाही.

पाण्याचे गणित जास्त अवघड आहे. उन्हाळ्यात गुंठ्याला दिवसाला पाचशे लिटर तरी हवे, तीन गुंठ्यांना दीड हजार. जलजीवन मिशनचा निकष माणशी 55 लिटर आहे, म्हणजे ही बाग सत्तावीस माणसांचे पाणी पिते. टंचाईच्या गावात सरपंचाने हे नळाचे पाणी दिले तर बायका त्याला हंडे घेऊन विचारायला येतील, आणि ते बरोबरच होईल. पण कोकणात न्हाणीचे पाणी कधी वाया गेले नाही. ते केळीला आणि अळवाला जाते. हातपंपाभोवतीचे, टाकीच्या ओव्हरफ्लोचे, शाळेत हात धुतलेले पाणी एका चरात घेतले तर बागेचा मोठा भार उतरतो. पंधराव्या वित्त आयोगाने पंचायतींच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून ठेवला होता, आणि सांडपाण्याची व्यवस्था त्यात बसत होती. शोषखड्डे पुष्कळ झाले. त्यातले काही पाणी वाफ्यात गेले असते. आणि मे महिन्यात पालकाचा हट्ट धरू नये. शेवगा, अळू, मायाळू, कढीपत्ता ही माणसे उन्हाळा काढतात. शेवग्याच्या पाल्याइतकी गुणी आणि दुर्लक्षित भाजी नाही. शेंगा शहराकडे जातात आणि पाला शेळीकडे.

राखणारीचा प्रश्न. सामाईक बाग सगळ्यांची म्हटली की ती कोणाचीच होत नाही. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्चायचा असतो. त्यात दरवर्षी शिलाईचे प्रशिक्षण होते; गावात आता कापडापेक्षा शिंपिणी जास्त झाल्या आहेत. त्या पैशातून दोन बायकांना वर्षभराचे मानधन द्या. त्या भूमिहीन असाव्यात आणि शक्य तर एकल असाव्यात. अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींना पेसाचा 5 टक्के निधी थेट मिळतो आणि तिथे अमृत आहार योजनेत गरोदर बाईला रोज गरम जेवण द्यायचे असते, तेव्हा तिथे भाजीला गिऱ्हाईक शोधावे लागणार नाही.

एक नाजूक गोष्ट बोलतो, ती टाळली तर हे भाषण खोटे ठरेल. बाग गावाच्या कोणत्या टोकाला आहे, पाणी कोण भरते, भाजी कोण तोडते, यावर ती कोणाच्या ताटात जाईल हे आपल्या गावांमध्ये अजून ठरते. मंदिराच्या आवारात बाग केली तर वस्तीवरची बाई तिथे मोकळेपणाने पाऊल टाकेल का, हे ठराव करण्याआधी तिलाच विचारा. माझे मत विचाराल तर बाग वस्तीलगत असावी. पाटलाच्या घरच्यांनी भाजीसाठी तिकडे चालत जावे. त्यांचे काही बिघडत नाही.

वाटपाचा नियमही आधी लिहिलेला हवा. ब्रिटनमध्ये 1908च्या कायद्याने स्थानिक कौन्सिलवर भाजीच्या जमिनीची जबाबदारी टाकली. सहा मतदारांनी लेखी मागणी केली की कौन्सिलला ती विचारात घ्यावीच लागते. एका वाफ्याचे प्रचलित माप जवळजवळ अडीच गुंठे, त्याला वार्षिक भाडे, आणि जमीन पडीक ठेवली तर ती काढून घेतात. शंभर वर्षे उलटली, दोन महायुद्धे झाली, तरी या जागांसाठी लोक यादीत नाव लावून थांबतात. मोफत रोपे वाटून हे घडले नाही. हक्क, माप आणि भाडे ठरल्यामुळे घडले.

अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहराची गोष्ट आपल्या नगरपालिकांनी ऐकावी. 2001च्या अखेरीस तिथली अर्थव्यवस्था कोसळली, निम्म्याहून अधिक लोक गरिबीत ढकलले गेले. 2002 मध्ये नगरपालिकेने शहरी शेतीचा कार्यक्रम हाती घेतला, रेल्वेमार्ग आणि रस्त्यांलगतच्या मोकळ्या जागा हुडकल्या, त्या कसणाऱ्यांना वापराचा हक्क दिला आणि भाजी विकायला शहरातच बाजार भरवले. संकट ओसरले तरी कार्यक्रम चालू राहिला. 2021 साली त्याला जागतिक पातळीवरचा रॉस सेंटर पुरस्कार मिळाला. आपल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे उद्याने आणि बागा दिलेल्या आहेतच. त्या बागांत आपण काय लावतो? हिरवळ, शोभेची झुडपे आणि ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी. एका कोपऱ्यात ‘भाजी तोडावी, रविवारी, सात ते नऊ’ अशी पाटी लावायला कोणता कायदा आडवा येतो?

मुंबईकर लगेच रुळांकडे बोट दाखवतील. ‘अधिक धान्य पिकवा’च्या धोरणातून रेल्वेने कर्मचाऱ्यांना रुळांलगतची जमीन दिली, आणि तिथला पालक, मुळा, लाल माठ लोकलच्या खिडकीतून सगळ्यांनी पाहिला आहे. त्याला कोणते पाणी जाते हेही पाहिले आहे. तो आक्षेप खरा आहे. म्हणून माती आणि पाणी तपासल्याशिवाय शहरात एक बीही पेरू नये. साबणाचे पाणी केळीला चालते, नाल्याचे पाणी पालकाला चालत नाही.

बियाण्याबद्दल एकच सांगतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या परसात गावरान वाण जपले, त्याची बीजबँक केली, आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंना जे कळले ते असे की दरवर्षी पाकीट विकत आणावे लागणारी बाग गरिबाची राहत नाही. वाल, घेवडा, दोडका, भोपळा यांचे बी गावातच राखता येते. एक पत्र्याचा डबा, राख आणि कडुनिंबाचा पाला एवढे भांडवल पुरते. ते पंचायतीच्या कपाटात ठेवा.

आता मागणी, आणि मग जेवण. येत्या ग्रामसभेत एकच ठराव आणा. त्यात जागेचा गट क्रमांक असू द्या, पाणी कुठून येणार ते असू द्या, राखणाऱ्या दोघींची नावे आणि मानधनाची रक्कम असू द्या, आणि भाजी आधी अंगणवाडीला, मग शाळेला, मग वस्तीवरच्या घरांना आणि उरली तर विक्रीला हा क्रम असू द्या. मानधन बारा महिन्यांचे लिहा, मे महिन्यासकट. ठरावाची नक्कल घेऊन पुढच्या वर्षी या परिषदेला या. फोटो आणू नका.