घरबसल्या घटस्फोट : खरे किती, खोटे किती

(मंडळाच्या मासिक सभेत एका ज्येष्ठ वकील भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या आहेत, त्या मला इथून दिसताहेत. मंडळाच्या व्यासपीठावर गणेशोत्सवाचा हिशेब व्हावा, हळदीकुंकू व्हावे, घटस्फोट कशाला? पण वधू-वर सूचीत 'घटस्फोटित' हा रकाना आपणच छापतो. रकाना छापायचा आणि त्याबद्दल बोलायचे नाही, हे बरे नव्हे.

अलीकडे आईवडील माझ्याकडे येतात ते हातात मोबाईल घेऊनच. त्यावर जाहिरात असते : कोर्टात न जाता परस्पर संमतीने घटस्फोट. मुलगी बंगळुरूला, जावई पुण्याला, लग्न लागले आपल्या लष्करात. भांडण संपलेले आहे, दागिने ज्याचे त्याला मिळाले आहेत. "ताई, होईल का हो हे असे?" त्यांच्या मनातली खरी भीती मला ठाऊक असते. लष्करात कोण कोणाला ओळखत नाही? कोर्टाच्या आवारात दोन शेजारी भेटले की संध्याकाळपर्यंत बातमी महाराज बाड्यावर.

माझे उत्तर असे. कोर्टाशिवाय घटस्फोट होत नाही. मात्र दर तारखेला कोर्टाची पायरी न चढता तो होऊ शकतो. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि जाहिरातवाले नेमका तोच पुसून टाकतात.

घटस्फोटाची सोय आपल्या लोकांना नवी नाही. 'काडीमोड' हा शब्दच सांगतो की काडी मोडून, पंचांसमक्ष फारकत होत असे. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९३१ साली कायदा केला, मुंबई प्रांतात १९४७ साली झाला. पुढे १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला आणि १९७६ साली त्यात कलम १३-ब घातले गेले. परस्पर संमतीचा घटस्फोट तो हाच. जुन्या रूढीने झालेली फारकत कायदा आजही मानतो, पण तशी रूढी आपल्या समाजात होती हे पुराव्याने सिद्ध करावे लागते. नोटरीच्या शिक्क्याने रूढी तयार होत नाही.

हे सांगण्याचे कारण माझ्याच नात्यातले आहे. समजूतदार मुलगा, समजूतदार मुलगी. ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर फारकतनामा झाला, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या, सगळे पेढे खाल्ल्यासारखे मोकळे झाले. मुलाचे दुसरे लग्न झाले, बाळ झाले. चार वर्षांनी पहिल्या मुलीला परदेशी जायचे होते, तेव्हा तिच्याकडे डिक्री मागितली. डिक्री कुठून आणणार? म्हणजे पहिले लग्न कायद्याने कायमच होते आणि दुसरे लग्न मुळातच रद्दबातल. बाळाला कायदा औरस मानतो, एवढे त्यातल्या त्यात बरे. पण त्या दुसऱ्या सुनेचे काय? तिचा काय दोष होता? शिवाय पहिली पत्नी हयात असताना केलेले लग्न हा गुन्हा आहे. पूर्वी दंडविधानाचे कलम ४९४ होते, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचे ८२ आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत. यात लबाडी कोणाचीही नव्हती. फक्त कोर्ट टाळायचे होते.

आता खरी वाट. पतीपत्नी किमान एक वर्ष वेगळे राहत असावेत आणि दोघांनी मिळून अर्ज करावा. लग्न जिथे लागले तिथल्या कोर्टात तो करता येतो, म्हणून पुण्या-बंगळुरूची मुलेही ग्वाल्हेरला अर्ज करू शकतात. मग सहा महिने थांबायचे आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा दोघांनी सांगायचे. तोवर कोणीही संमती मागे घेऊ शकतो, हे विसरू नका.

१२ सप्टेंबर २०१७ रोजी अमरदीप सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे सहा महिने माफ करता येतात असे ठरवले. न्यायमूर्ती गोयल आणि आपले उदय लळीत यांचे पीठ होते. अटी आहेत : वेगळे राहण्याचा काळ पुरेसा झालेला असावा, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत, पोटगी आणि मुलांचा ताबा यांचा निकाल लागलेला असावा. त्याच निकालात व्हिडिओद्वारे हजेरीला आणि अडचण असल्यास आईवडील किंवा भावंडांनी बाजू मांडायला वाट ठेवली आहे. सहसा वकीलही हे सांगत नाहीत, तुम्ही विचारा.

पण महिनाभरातच, ९ ऑक्टोबरला, संतिनी खटल्यात तीन न्यायमूर्तींत मतभेद झाला. दीपक मिश्रा आणि खानविलकर म्हणाले, समेटाच्या टप्प्यावर व्हिडिओ नको. तो फसल्यावर दोघांनी मागितले तरच द्यावे. चंद्रचूड म्हणाले, कोणत्याही टप्प्यावर न्यायाधीशाने ठरवावे. पुढे कोरोना आला, ६ एप्रिल २०२० च्या निर्देशांनी सगळी कोर्टे पडद्यावर आली आणि व्हिडिओची सवय झाली.

मला स्वतःला बहुमतातली धास्ती पटते. पडद्यावर मुलगी 'हो' म्हणते, तेव्हा कॅमेऱ्यामागे कोण उभे आहे ते न्यायाधीशाला दिसत नाही. म्हणून मी पालकांना सांगते, पहिल्या वेळी मुलीला समक्ष येऊ द्या, न्यायाधीशाशी एकटीने बोलू द्या. दुसऱ्या वेळी तिने गोवा एक्सप्रेसचे तिकीट काढायची गरज नाही.

परदेशातल्या मुलांचे थोडे वेगळे आहे. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२२ पासून दोघांना मिळून ऑनलाइन अर्ज करता येतो, दोष सिद्ध करावा लागत नाही. तरी वीस आठवडे आणि वर सहा आठवडे थांबावेच लागते. ती डिक्री इथे चालेल का, याला १९९१ च्या नरसिंह राव निकालाच्या कसोट्या लागतात, आणि दोघांची खरी संमती होती का याला त्यात फार महत्त्व आहे. इथल्या वकिलाला कागद दाखवल्याशिवाय दुसऱ्या लग्नाची पत्रिका छापू नका.

आता राजकारणाचे. निवडणूक आली की मराठी मतांची आठवण सर्व पक्षांना येते. फेटे बांधले जातात, जुन्या संस्थानाचे गोडवे गायले जातात. यंदा जो उमेदवार दारात येईल त्याच्याकडे आपण तीन गोष्टी मागाव्यात असा ठराव मी मांडते. कुटुंब न्यायालयात व्हिडिओ सुनावणीसाठी बंद दाराची स्वतंत्र खोली असावी. संमतीच्या अर्जांना आठवड्यात एक ठरलेली वेळ मिळावी. आणि कलम १३-ब ची माहिती सोप्या हिंदीत दारावर लावलेली असावी. रस्ते-नाल्यांपेक्षा हे स्वस्त काम आहे.

शेवटी कागदांचे. लग्नाची नोंदणी झाली नसेल तर लग्नपत्रिका, दोघांचा एकत्र फोटो, लग्न लावणाऱ्या गुरुजींचे नाव एवढे तरी जपून ठेवा. परवा एका घरात पत्रिकेची एकही प्रत सापडेना. शेवटी ती मुलीच्या आत्याकडे, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात मिळाली.

प्रश्न असतील तर विचारा. ज्यांना इथे विचारायला संकोच वाटेल, त्यांनी चहाच्या वेळी मला बाजूला गाठावे.