डिझेलची गाडी घ्यावी, की पेट्रोलची?



दसरा झाला की बाभुळगावच्या शिवारात पऱ्हाटी फुटू लागते, आणि यवतमाळ-धामणगाव रस्त्यावर कापसाच्या गाड्या दिसू लागतात. पूर्वी या बंड्या असत. आता छोट्या मालगाड्या आल्या. २००५ साली निघालेली ‘टाटा एस’ तर ‘छोटा हत्ती’ म्हणूनच लोकांना माहीत आहे. ती आरंभी डिझेलवर चाले. पुढे पेट्रोलवरची आणि गॅसवरचीही निघाली. तेव्हा कर्ज काढून गाडी घ्यायची, तर कोणती?

बैलजोडी घेताना आपण आधी जमीन पाहतो. भारी काळ्या जमिनीला एक जोडी, हलक्या बरडाला दुसरी. गाडीचेही तसेच आहे. शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घेऊ नये. आधी ओझे पाहावे, मग अंतर.

कापूस दिसतो डोंगराएवढा, पण मोकळा कापूस जागा फार घेतो आणि वजनाला कमी भरतो. चण्याचे तसे नाही. पन्नास किलोचे पंधरा कट्टे भरले, की झाले साडेसातशे किलो. असे जड ओझे रोज दूर न्यायचे असेल, तर डिझेल बरे. ते इंजिन कमी फेऱ्यांत जास्त जोर लावते आणि लिटरमागे अधिक चालते.

आता अंतराचा हिशेब करू. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, आपले आपण घालावेत. समजा, डिझेलची गाडी ७२,००० रुपयांनी महाग आहे. पेट्रोल १०५ रुपये लिटर, गाडी १५ किलोमीटर चालते. म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. डिझेल ९२ रुपये, गाडी २० किलोमीटर चालते. म्हणजे ४ रुपये ६० पैसे. बचत झाली २ रुपये ४० पैसे. जास्तीचे पैसे फिटायला ३०,००० किलोमीटर लागतील. वर्षात तीनशे दिवस, रोज शंभर किलोमीटर गाडी धावली, तर एका वर्षात फिटतील. रोज पंचवीसच धावली, तर चार वर्षे लागतील. आणि त्या पैशांवरचे व्याज व डिझेल इंजिनाच्या देखभालीचा खर्च निराळाच!

आणखी एक गोष्ट. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ नियम लागू झाले. बहुतेक नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती चांगली तापली, तरच काजळी जळते. गावातल्या गावात दोन-चार किलोमीटरच्या खेपा केल्या, तर गाळणी तुंबते. दूध, भाजी, किराणा एवढेच काम असेल, तर पेट्रोलची गाडी बरी. गॅसची गाडी घ्यायची असेल, तर पंप किती दूर आहे ते आधी पाहावे. गॅस भरायलाच रोज लांब जावे लागले, तर बचत कसली?

कोणी म्हणेल, थंडीत डिझेल गोठते. लडाखात उणे तीस अंशांपर्यंत थंडी पडते, तिथे गोठते खरे. म्हणून २०१९ साली इंडियन ऑइलने तिथे उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल आणले. आपल्या पौषातल्या थंडीत ती भीती नाही. मात्र डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापते आणि तिच्यात डिझेल पेटते. म्हणून पहाटे किल्ली फिरवल्यावर समोरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबावे, मगच इंजिन सुरू करावे. बॅटरी हंगामापूर्वी तपासून घ्यावी आणि डिझेलच्या गाळणीतले पाणी वेळेवर काढावे. ऐन वेचणीत गाडी अंगणात अडली, तर माल घरात आणि हप्ता दारात, अशी गत होते.

शिक्षक मित्रहो, वरचे गणित वर्गात जरूर घाला. मुले घरी जाऊन वडिलांना विचारतील, “बाबा, आपली गाडी रोज किती किलोमीटर धावेल?” हा प्रश्न कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी घरात निघाला, तर पुष्कळ घरांचे पैसे वाचतील.