जुनेराचे मोल



परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव प्राचीन मंदिरांसाठी व त्यांवरील कोरीव कामासाठी प्रसिद्ध आहे. दगडातील या कलेची नोंद इतिहासाने घेतली. मराठवाड्याच्या घराघरांत मात्र आणखी एक कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जुनेरातून नवे वस्त्र शिवण्याची ही कला होय. तिची नोंद सहसा कोणी घेत नाही.

गोधडी किंवा वाकळ हा तिचा सर्वपरिचित नमुना. जुनी लुगडी व धोतरे थरावर थर अंथरून ती बारीक धावदोऱ्याने शिवली जाते. थरांमध्ये हवा अडकून राहते व ऊब टिकते. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्यातून तान्ह्या बाळाची झबली, टोपडी व दुपटी होतात. बंगालची कांथा व बिहारची सुजनी याच परंपरेतील. त्यांना देशाबाहेरही ग्राहक लाभला. गोधडी शिवणारे हात मात्र कुशल कारागिरांत क्वचितच गणले जातात.

या कामात कौशल्य आहे, ते कापड पारखण्याचे. सदरा प्रथम कॉलर व कोपरांपाशी विरतो. पाठीचा भाग शाबूत राहतो. विजार गुडघ्यांवर व बैठकीत झिजते. गुडघ्याखालचे कापड बळकट असते. म्हणून कपडा प्रथम धुऊन, वाळवून उजेडासमोर धरावा. विरलेल्या जागांवर खूण करावी. शिवण ओढून न फाडता उसवावी, इस्त्री करावी आणि चांगल्या भागावर उभा-आडवा धागा पाहून कागदी नमुना मांडावा. अशा रीतीने मोठ्या माणसाच्या सदऱ्यातून लहान मुलाचा सदरा, पातळातून मुलीचा परकर आणि उरलेल्या तुकड्यांतून पिशवी निघते.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. पूर्वीचे जुनेर बहुतांशी सुती असे. आज घरोघरी कृत्रिम धाग्यांचे कपडे साठतात. ते घाम शोषत नाहीत व आगीजवळ वितळून अंगाला चिकटतात. त्यांच्या पिशव्या कराव्यात; बाळाचे कपडे करू नयेत.

शिवणवर्गांच्या दृष्टीने या विषयाला विशेष महत्त्व आहे. वर्ग संपतो, शिलाई यंत्रही मिळते. पण सरावासाठी नवे कापड विकत घेणे गरीब घरातील स्त्रीला परवडत नाही. चुकीच्या कापणीने कापड वाया जाईल, या भीतीने कात्री चालत नाही आणि यंत्र कोपऱ्यात पडून राहते. जुनेरावर चूक झाली तरी नुकसान होत नाही. हात धीट झाला, की नव्या कापडाचे काम घेता येते. म्हणून प्रशिक्षणाचा आरंभच जुनेरापासून व्हावा.

याला स्थानिक संस्थांची जोड मिळू शकते. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने गावोगावी बचतगट उभे केले आहेत. राज्यात २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आल्याने कापडी पिशवीला गरज व ग्राहक दोन्ही आहेत. शाळेनेही कार्यानुभवाच्या तासाला बटण लावणे, रफू व ठिगळ हे मुलींबरोबर मुलांनाही शिकवावे.

मात्र जुने कापड फुकट मिळाले, म्हणून श्रमही फुकट ठरत नाहीत. गोधडी वा पिशवी विकताना दोऱ्याच्या खर्चाबरोबर शिवणाऱ्या स्त्रीच्या तासांची मजुरी किमतीत धरली गेलीच पाहिजे.

चिंध्यांचे वस्त्र अंगावर घेऊन गाडगेबाबांनी खेडोपाडी स्वच्छतेचा धडा दिला. टाकाऊ मानलेल्या वस्तूची लाज वाटू नये, हेही त्यातून शिकण्यासारखे आहे. गावातील जुनेर उकिरड्यावर न जाता शिवणाऱ्या हातांपर्यंत पोहोचावे आणि त्या हातांना योग्य मोबदला मिळावा. एवढी व्यवस्था प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहे.